आमच्या कुणग्यातला फुटबॉल

लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांना मुलाकडच्यांनी सांगितलं होतं की मुलगा खाणीवर आहे. ते खोटं नव्हतं. पण खाणीवर तो काय करतो हे आमच्याकडून कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. कोरगाव सोडून मी डिचोली तालुक्यात, नार्व्याजवळच्या या वाड्यावर आले. चौथ्या दिवशी सकाळी नवरा हातात बुटांची जोडी घेऊन निघाला. बुटांना खालून गोटे होते, बोटाच्या पेराएवढे. खाणीत पाय घसरू नये म्हणून कंपनी असले बूट देत असेल, असं मला वाटलं. सासूला विचारलं तर ती तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली, "खण खंयची गो? तो बॉल मारूंक वता."

खाण कंपनीची फुटबॉलची टीम होती. हजेरीपटावर माझा नवरा हेल्पर, पण त्यानं कधी कसलं ओझं उचललं नाही. सकाळी सराव, संध्याकाळी सराव, आयतवारी मॅच. माहेरी हे सांगायला मला दोन महिने लागले. वडील म्हणाले, "खेळतो तर खेळतो. पडतो-बिडतो काय?"

त्याला खेळताना मी पहिल्यांदा बघितलं ते शेजारच्या गावच्या मॅचला, नणंदेच्या मागे लपून. तो उजव्या बाजूच्या रेघेवरून धावायचा. घरात हळू चालणारा, पेज पिताना सुद्धा आवाज न करणारा माणूस तिथं असा सुटला की माझ्या हातातला रुमाल कधी खाली पडला मला कळलंच नाही. समोरचा दांडगा मुलगा त्याला अडवायला आला, यानं बॉल त्याच्या एका बाजूनं ढकलला आणि स्वतः दुसऱ्या बाजूनं गेला. बॉल आणि नवरा पलीकडे पुन्हा भेटले. मी हसले, मोठ्यानं. नणंदेनं वळून बघितलं तशी मी तोंडावर पदर घेतला. चारचौघांत माझा आवाज निघत नाही. त्याचे मित्र घरी आले तर मी चहाचे कप दाराच्या आडूनच पुढे करायची.

सहा वर्षं तो असा खेळला. मग एका मॅचमध्ये गुडघ्यात काहीतरी फाटलं. ऑपरेशन झालं, पाय सरळ झाला, पण ती धाव परत आली नाही. कंपनीनं काढून टाकलं नाही, वजनकाट्यावर बसवलं. ट्रक यायचे, जायचे, तो लाल धुळीत बसून त्यांचे नंबर लिहायचा. तक्रार म्हणून एक शब्द नाही. पण आयतवार आला की दुपारी तो उगाच घराभोवती फिरायचा.

ते फिरणं थांबलं ते पुष्कळ वर्षांनी, वाड्यावरच्या पोरांमुळे. कापणी झाली होती, आमच्या घरामागचा कुणगा रिकामा होता. भातशेतीचा एकेक तुकडा म्हणजे कुणगा. पोरं तिथं बॉल मारत होती, सगळी एकाच बॉलच्या मागे, माशांसारखी. नवरा मागच्या पडवीत उभा राहून बघत होता. थोड्या वेळानं तो खाली उतरला. एकाला म्हणाला, "तू हांगा राव." दुसऱ्याला म्हणाला, "तू थंय." अर्ध्या तासात ती पोरं वेगळीच झाली. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा घामानं भिजलेला आणि इतका उजळलेला होता की मी विचारलंच, "कितें जालें?"

"कायच ना," तो म्हणाला. "पोरां आयकतात माझें."

त्या दिवसापासून कुणगा हे मैदान झालं. आमचा एक कुणगा पुरेसा नव्हता, म्हणून पलीकडचा, चुलत दिराचा, तोही घेतला. दोन्हींच्या मध्ये मेर होती, म्हणजे मातीचा बांध, गुडघ्याच्या थोडा खाली. नवऱ्याला ती सपाट करायची होती. चुलत दीर स्वतः आला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "खेळात, कितेंय करात. पुण मेरेक हात लावपाचो ना." सासूनंही तेच सांगितलं. आमच्याकडे मेर ही नुसती माती नसते. आजोबांनी घातलेली मेर फावड्यानं कापली की पुढची तीस वर्षं कोर्टात जातात, हे सगळ्यांना माहीत. नवऱ्यानं फावडं परत ठेवलं. मेर राहिली, आमच्या बाजूच्या गोलापासून तीस पावलांवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

गोल एकाच बाजूला मारायचा, आमच्या घराच्या. दुसऱ्या टोकाला पाट होता, तिकडे बॉल गेला की पाण्याबरोबर पार देवळापर्यंत पोचायचा. मी मागच्या पडवीत माडाच्या पातींचे हीर काढत बसायची, झाडू बांधायला. समोर बांबूचे दोन खांब, त्यापलीकडे पोरं. पावसाळा सोडला तर तीन वर्षं ती पोरं रोज संध्याकाळी माझ्याकडे तोंड करून धावत आली. कोण डावखोरा, कोण लवकर दमतो, कोण बॉल मिळाला की खाली बघतच राहतो, हे मला त्यांच्या आयांपेक्षा जास्त माहीत झालं. मी कोणाला सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

दोन वर्षांत आमच्या वाड्याची टीम तालुक्यात कोणाला ऐकेना. आजूबाजूच्या गावांतल्या स्पर्धा सगळ्या अशाच कापलेल्या शेतांत व्हायच्या, तिथंही मेरा असायच्याच. त्यामुळे आम्हाला वेगळं काही जाणवलं नाही.

याच काळात नवऱ्यानं कोचची परीक्षा द्यायचं ठरवलं. परीक्षा इंग्रजीत. तो मराठी शाळेत शिकलेला, माझ्यापेक्षा सहा यत्ता जास्त, पण इंग्रजी म्हटलं की हात पुसायचा. आमची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. ती संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून त्याला प्रश्न विचारायची आणि तिथंच मी आदोळीवर नारळ खवत असायची. प्रेसिंग म्हणजे काय, कव्हर म्हणजे काय, मागून पुढे कसं यायचं. पहिल्या वेळी तो लेखी परीक्षेत नापास झाला. दुसऱ्या वेळी बसण्यापूर्वी एकदा तो उत्तर देताना अडला आणि ते उत्तर माझ्या तोंडून गेलं. मुलगी खोबऱ्याच्या ताटावर हात आपटून हसली. "आई, तू बस परीक्षेला." तो मात्र हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला, जरा वेळ. दुसऱ्या वेळी पास झाला.

मग खाणी बंद झाल्या. रस्त्यावरून ट्रक जायचे थांबले, झाडांची पानं हिरवी दिसायला लागली आणि घराघरांत पुरुष दुपारी घरी बसायला लागले. कंपनीची टीम तर आधीच गेली होती, आता वजनकाटाही गेला. नवऱ्याचं वय चव्वेचाळीस. वाड्यावरच्या पोरांना शिकवायचं तो काही घेत नव्हता आणि घेणारही नव्हता. कोणी म्हणालं गाडी चालव, कोणी म्हणालं हरमलला परदेशी लोकांच्या खोल्यांवर देखरेख कर. तो सगळ्यांना हो म्हणायचा आणि कुठं जायचा नाही.

अशात एक फोन आला. एका मोठ्या क्लबला अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी कोच हवा होता. पगारी, कायमचा, रोजचा. फुटबॉल शिकवणं हाच धंदा. त्यांनी तिघांना बोलावलं होतं. अट अशी होती की प्रत्येकानं आपली पोरं घेऊन यायचं आणि क्लबच्या पोरांशी एक मॅच खेळायची. साहेब बाजूला बसून बघणार आणि तिघांतला एक घेणार.

फोन ठेवल्यावर तो पाणी प्यायला आत आला आणि तांब्या हातात घेऊन तसाच उभा राहिला. म्हणाला, "हें जालें ना जाल्यार मी हरमला वतां."

त्या आठवड्यात घर म्हणजे जत्रा. पोरांच्या आया अंडी पाठवत होत्या, कोणी मोज्यांना टाके घालत होतं. आयतवारी सकाळी टेंपो आला. मी जाणार नव्हते. सासूनं मात्र नवं लुगडं नेसून, छत्री घेऊन, टेंपोत पुढची जागा धरली होती. "मी वतां आनी माझ्यावांगडा ती येता," तिनं जाहीर केलं. सासूला धरून न्यायला कोणीतरी हवंच, म्हणून मी चढले. पण खरं सांगायचं तर माझी चोळी पहाटेच इस्त्री करून झाली होती.

ते मैदान बघून पोरं टेंपोतून उतरलीच नाहीत आधी. बघतच राहिली. सतरंजी अंथरावी तसं हिरवं, सपाट, पांढऱ्या रेघा. एकानं बूट काढून पाय टेकवून बघितला. सासू म्हणाली, "इतलें तण आसा आनी गोरवां खंय?" पोरं हसली, तेव्हा कुठं त्यांच्या अंगातली थंडी गेली.

मंडपात साहेब लोक खुर्च्यांवर बसले होते. तिकडे सगळे पुरुष. आम्ही दोघी एका गोलाच्या मागे जाऊन बसलो, तिथं कोणी नव्हतं म्हणून. पहिल्या अर्ध्यात आमची पोरं आमच्याच बाजूला गोल मारायला येणार होती.

मॅच सुरू झाली. आमची पोरं हललीच नाहीत असं नाही. मधून बॉल काढायची, एकमेकांना द्यायची, झरझर पुढे यायची, अगदी नवऱ्यानं शिकवलं तसं. आणि गोलापासून थोडं दूर असताना काय व्हायचं कोण जाणे, जो कोणी असेल तो बॉल वर उचलायचा. क्लबची पोरं माडासारखी उंच. ती आरामात डोक्यानं बॉल परत पाठवायची. एकदा झालं, दोनदा झालं, पाचदा झालं. तेवढ्यात तिकडे आमच्यावर तीन गोल चढले.

"खाली ठेव! खाली!" नवरा रेघेवरून ओरडत होता. पोरं मान हलवायची आणि पुन्हा बॉल वर.

बघणारे मजा घ्यायला लागले. "विमान सोडटात काय रे?" एकजण म्हणाला. आमचा उजवीकडचा मुलगा, चांगला धावणारा, बॉल उचलल्यावर स्वतःही एक टुणकन उडी मारायचा. त्याच्यावर सगळे तुटून पडले. "ए बेबक्या, पावस ना अजून!" बेबको म्हणजे बेडूक. सासूनं छत्री मिटली आणि त्या माणसाकडे रोखून म्हणाली, "तुका येता जाल्यार तूं वच मरे आंत. पोट घेवन."

मी मात्र त्या मुलाकडेच बघत होते. माझ्याकडे तोंड करून तो पुन्हा येत होता, रोज संध्याकाळी यायचा तसाच. बॉल पायात. आला, आला, आणि टुण्. बॉल वर, तोही वर, आणि सपाट गवतावर उतरून पुढे. ती उडी मला माहीत होती. भाताच्या पेंढ्या डोक्यावर घेऊन मीही त्याच जागी पाय उचलते, न बघता. मी मनात पावलं मोजली. गोलापासून तीस.

"आई," मी सासूला म्हटलं, "ती मेर उडतात."

"खंयची मेर?"

"आमची."

सासूनं मैदानाकडे बघितलं. दुसरा मुलगा आला आणि त्याच जागी त्यानंही बॉल उचलला. तिचं तोंड उघडंच राहिलं. मग मला कोपरानं ढोसलं. "वच. सांग ताका."

"मी?"

"मगे मी? हे पाय घेवन?"

शिट्टी वाजली. मधली सुट्टी. मी उठले. गोलाच्या मागून रेघेपर्यंत आणि रेघेवरून मंडपासमोरून नवऱ्यापर्यंत, किती असेल, शंभर-सव्वाशे पावलं. इतके डोळे एकदम माझ्यावर लग्नातही नव्हते. चप्पल गवतात अडकत होती. एकदा वाटलं परत फिरावं, आणि तेव्हाच हरमल आठवलं, तो तांब्या आठवला.

नवरा पोरांच्या मध्ये उभा होता. पोरं माना खाली घालून बसलेली. तो हातानं काहीतरी दाखवत होता, पण त्याचाच आवाज त्याला पटत नव्हता, हे मला मागूनही कळलं. हाक कशी मारणार? घरात मी "आयकलात?" म्हणते. इथं ते म्हणवेना. मी त्याचा शर्ट मागून ओढला.

तो वळला आणि पांढराफटक पडला. "आई बरी मगे?"

"बरी." मी शर्ट सोडला. "हांगा मेर ना."

"कितें?"

"पोरां मेर उडटात. घरच्यासारकी. हांगा मेर ना, तें तांकां सांगा."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग मैदानाकडे, मग त्या उजवीकडच्या मुलाकडे. मुलानं हळूच आपल्या पायांकडे बघितलं, जसे ते त्याचे नव्हतेच. आणि नवरा हसायला लागला. असा हसला की मंडपातल्या साहेबांनी माना वळवल्या.

"उठा रे," तो पोरांना म्हणाला. "उदक घेयात आनी चला."

सुट्टीनंतर बाजू बदलतात. त्यानं सगळ्या पोरांना पलीकडच्या गोलासमोर नेलं, तीस पावलं मोजली आणि तिथं ओळीनं बसवलं, या रेघेपासून त्या रेघेपर्यंत. पाण्याच्या बाटल्या तिथंच. "हात लावून बघा," तो म्हणाला. "माती आसा? दगड आसा? कायच ना. चूक तुमची न्हय. हांवें तुमकां मेरेर शिकयलें." पोरं गवतावरून हात फिरवायला लागली. एक तर चक्क आडवा झाला आणि लोळत या बाजूकडून त्या बाजूला गेला. बघणाऱ्यांना वाटलं, हार बघून ही टीम वेडी झाली.

मी सासूजवळ परत येऊन बसले. आता आमच्या पुढे आमचाच गोलकीपर होता, त्याची पाठ. पोरं आमच्यापासून लांब धावणार होती, त्यामुळे मला नीट दिसणार नव्हतं. पण पाठीवरूनही माणूस ओळखता येतो. उजवीकडचा मुलगा बॉल घेऊन सुटला. मी पदर मुठीत धरला. ती जागा आली. तो उडाला नाही. सरळ गेला, गवताला चिकटून, बॉल त्याच्या पायाला चिकटून, आणि त्या उंच पोरांना काय करावं कळेना, कारण डोकं लावायला वर काहीच नव्हतं. पुढे काय झालं ते मला दिसलं नाही, नुसता आवाज आला. आमच्या गोलकीपरनं दोन्ही हात वर केले. मग तो मागे वळला आणि आम्हा दोघींसमोर नाचला.

सासू म्हणाली, "पडलो?"

"पडलो."

दुसरा गोलही तसाच पडला, डावीकडून. तिसरा खांबाला लागून परत आला, तेव्हा मी उभी होते आणि मला ते ठाऊकही नव्हतं. शेवटची दहा मिनिटं क्लबची सगळी पोरं आपल्याच गोलासमोर दाटीनं उभी होती. शिट्टी वाजली तेव्हा तीन आणि दोन. आम्ही हरलो होतो. पण आमची पोरं हरल्यासारखी दिसत नव्हती आणि त्यांची जिंकल्यासारखी.

आम्ही दोघी पोरांजवळ पोचलो तोवर मोठे साहेब मंडपातून खाली आले. मडगावकडचे असावेत, बोलण्यावरून वाटलं; पोरांना ते भुरगीं म्हणत. नवऱ्याला म्हणाले, "सुट्टीत भुरग्यांक थंय कित्याक बसयले?"

मला वाटलं, आता काहीतरी इंग्रजी शब्द सांगेल. पाठ केलेले होते की सगळे. त्यानं सांगितलं, जसं होतं तसं. कुणगा, मेर, तीन वर्षं. आणि मग हात करून मला दाखवलं. "म्हाका दिसलें ना. तिका दिसलें." मी सासूच्या उघड्या छत्रीमागे गेले.

साहेबांनी मैदानावरच्या त्या जागेकडे बघितलं. मग म्हणाले, "मेर मोडूंक ना कित्याक?"

"अर्दी भावाची ती."

साहेब मोठ्यानं हसले. "मोडिल्ली जाल्यार आज हांगा ना, कोर्टांत आसतलो तूं." त्यांच्याही गावात शेती असणार. मग हसणं थांबवून म्हणाले, "बाकीचे दोग येवन गेले. हारत आसतना दोगांयनी भुरग्यांक गाळी घाल्यो. तूं चूक सोदपाक गेलो. सोमाराक कागद घेवन यो."

नवऱ्यानं त्यांचा हात धरला तो सोडेचना. पोरांनी त्याला उचललं, दुखऱ्या पायासकट. तो ओरडत होता, "गुडघो, गुडघो रे," आणि कोणी ऐकत नव्हतं. सासू तर प्रत्येकाला, क्लबच्या पोरांनासुद्धा, टेंपोत ठेवलेली उकडलेली अंडी वाटत सुटली.

सोमवारी त्याला पत्र मिळालं. मुलीनं मोठ्यानं वाचलं. हजेरीपटावर इतकी वर्षं हेल्पर असलेल्या माणसाच्या नावापुढे त्यात कोच लिहिलं होतं. मुलीनं पुन्हा एकदा वाचलं, मग मी मागून घेतलं आणि तो एक शब्द बघितला. इंग्रजीत होता, पण मला वाचता आला.

पहिल्या पंधरा दिवसांतच दुपारी त्याचा फोन आला. आवाजात घाई. क्लबची पोरं चांगली आहेत, पण पुढे गेली की काहीतरी अडतंय आणि ते काय हे कळत नाही. "तूं यो," तो म्हणाला. "गोलाच्या फाटल्यान बस. कायच करूं नाका, नुसतें पळय." पळय म्हणजे बघ. मी म्हटलं, एकटी कशी येऊ, म्हापशात बस बदलायची असते. तो म्हणाला, बदल.

दुसऱ्या दिवशी मी बदलली. म्हापशाच्या स्टँडवर दोघांना विचारून तिसऱ्या बसमध्ये चढले, खिडकीची जागा मिळाली. तिकीट काढताना कंडक्टरला मैदानाचं नाव सांगितलं तसं त्यानं माझ्याकडे वर-खाली बघितलं.

"बाय, आज थंय मॅच ना."

"खबर आसा," मी म्हटलं. "सराव आसा. म्हाका चार वाजपाच्या आदीं पावपाक जाय."